कान्हेरीच्या जंगलातली अर्धी वीट

गेल्या महिन्यात या पानावर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी या बौद्ध लेण्यांच्या चैत्यगृहाबद्दल, म्हणजे पूजेच्या दालनाबद्दल, थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण ते वाचल्यावर बाकीची कामं बाजूला ठेवून मी आधी उत्तर लिहायला बसले.

माझा मुलगा अकरावीत आहे. मित्रांबरोबर कान्हेरीला गेला होता. नेहमीची लेणी सोडून ही मुलं डोंगराच्या मागच्या बाजूला गेली. तिथे गवतात विटांचे पडके गोल चौथरे दिसले म्हणे. ‘जंगलात लपलेलं बौद्ध मंदिर सापडलं’ असं सांगत तो घरी आला आणि दप्तरातून अर्धी वीट काढून टेबलावर ठेवली. आता ती आमच्या शोकेसमध्ये आहे. मला ती घरात बरी वाटत नाही. ते मंदिर कसलं? या विटेचं काय करू? (एक आई, डोंबिवली)

ताई, तुम्हाला ती वीट घरात बरी वाटत नाही, हे तुमचं मन अगदी बरोबर सांगतंय.

तुमच्या मुलाने जे पाहिलं ते मंदिर नाही. वर्णनावरून तरी ती कान्हेरीच्या भिक्खूंच्या स्मृतिस्तूपांची जागा आहे. अभ्यासक तिला ‘निर्वाणवीथी’ म्हणतात. डोंगराच्या कडेला कातळाची लांबच लांब कपार आहे, वर दगडाचं छप्पर आणि पुढे उघडं जंगल. त्या छपराखाली विटांचे लहान लहान स्तूप ओळीने बांधलेले होते. इथे राहिलेले, इथेच म्हातारे झालेले आणि इथेच गेलेले जे थोर भिक्खू, त्यांच्यासाठी एकेक स्तूप. आज बहुतेकांचे फक्त तळाचे थर उरले आहेत. गवत वाढलं की तेही दिसत नाहीत.

त्यांच्यापैकी काहींची नावं आपल्याला ठाऊक आहेत, ती डॉ. शोभना गोखले यांच्यामुळे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या या विदुषीने कान्हेरीचे शिलालेख एकेक करून वाचले आणि 1991 मध्ये ते एकत्र प्रसिद्ध केले. या स्मृतिस्तूपांच्या जागेतले लहान लहान लेखही त्यांनी वाचले. त्यात स्थविरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं आहेत आणि त्यांच्यापुढे ‘अर्हत’ (निर्वाणाला पोचलेला) यासारखी बिरुदं आहेत. म्हणजे हे कुणी अनोळखी लोक नव्हते. मागे राहिलेल्या भिक्खूंनी आपल्या गुरूचं नाव आठवणीने दगडावर घालून ठेवलं होतं.

आता माझी गोष्ट सांगते. माझे वडील तुळशी तलावावर पाणीखात्यात नोकरीला होते. आमचं बालपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. रोज सकाळी तलावाच्या पट्टीवर पाण्याची पातळी बघून वहीत लिहिणं हे वडिलांचं पहिलं काम. रविवारी ते आम्हाला पायवाटेने कान्हेरीला न्यायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्या कपारीत खापराचा एक गुळगुळीत तुकडा मिळाला. ठिकरी खेळायला तो इतका छान होता की मी फ्रॉकच्या खिशात टाकला. घरी आल्यावर अंगणात चौकोन आखले, पहिलाच डाव टाकला आणि वडिलांनी विचारलं, ‘हे कुठलं?’ मी सांगितलं. ते रागावले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी मला तिथे परत नेलं आणि ‘कुठून उचललंस ती जागा दाखव’ म्हणाले. मला ती जागा काही केल्या सापडेना. सगळीकडे सारखेच दगड, सारखीच माती. मी रडकुंडीला आले. तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘बघ, उचलायला एक क्षण लागला.’

तुमच्या मुलाच्या विटेचंही हेच झालं आहे. ती मुळात कोणत्या स्तूपाची, कितव्या थरातली, कुणाच्या नावाच्या दगडाशेजारची, हे ती जागेवर होती तोवर कळू शकत होतं. आता ते फक्त तुमच्या मुलाच्या आठवणीत आहे, आणि ती आठवण ताजी असेपर्यंतच तिचा उपयोग. म्हणून आजच त्याला कागदावर लिहायला बसवा. कोणत्या वाटेने गेलो, किती वेळ चाललो, वीट चौथऱ्याच्या कडेला होती की मधे, सुटी पडलेली की काढलेली. मोबाइलमध्ये फोटो असतील तर तेही ठेवा. वीट धुऊ नका, घासू नका, तिला तेल-कुंकू लावू नका. सुती कापडात गुंडाळा. मग मुलाला बरोबर घेऊन कान्हेरीला पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तिकीटघरात जा आणि तिथल्या संरक्षण सहायकांच्या हातात वीट आणि तो कागद द्या. एक प्रत स्वतःकडे ठेवा. वीट स्वतःच नेऊन गवतात ठेवू नका. चुकीच्या जागी ठेवलेली वीट पुढच्या अभ्यासकाला चुकीच्या वाटेवर नेते.

संरक्षित स्मारकातून काहीही उचलणं 1958 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि भोवतालचं सगळं राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे वन्यजीवांचा कायदाही लागू होतो. हे मुलाला जरूर सांगा, पण आधी त्या अर्हतांबद्दल सांगा. आपण कुणाच्या तरी गुरूच्या समाधीची वीट आणली, हे कळलं की सोळा वर्षांचा मुलगा स्वतःहून उठेल, असा माझा विश्वास आहे.

भिक्खूंनी वस्तीपासून इतकं लांब, दाट जंगलात येऊन लेणी का खोदली? शत्रूपासून लपण्यासाठी का? (निवृत्त शिक्षक, ठाणे)

सर, जंगलात ‘लपलेली’ लेणी हे आपल्या आजच्या नजरेचं चित्र आहे. कान्हेरी लपलेली कधीच नव्हती. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात इथे छिन्नी लागली तेव्हा एका अंगाला सोपारा (आजचं नालासोपारा) हे बंदर होतं, दुसऱ्या अंगाला उल्हास खाडीवरचं कल्याण, आणि मधल्या सालसेट बेटाच्या (आजची मुंबईची उपनगरं आणि ठाणे) पोटात हा डोंगर. भिक्खूंना गावात भिक्षेला जायचं असायचं, म्हणून गाव फार लांब चालत नाही. ध्यान करायचं असायचं, म्हणून गाव फार जवळही चालत नाही. कान्हेरी त्या मापात बसते.

इथे पैसा कुणी लावला ते भिंतीच बोलतात. चैत्यगृह म्हणजे तिसरं लेणं, ते यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या काळात गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी कोरवून घेतलं. एक टाकं सोपाऱ्याच्या सामिक नावाच्या व्यापाऱ्याचं, एक कल्याणच्या सोनाराचं. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने इथली पायवाट दान दिली आहे. लोहाराने वाट द्यावी, ही गोष्ट मला फार आवडते. लेणं कोरणाऱ्यांच्या छिन्न्या त्याच्याच भट्टीत पाजळल्या असतील का, असं दर वेळी त्या पायऱ्या चढताना मनात येतं.

पण तुमच्या प्रश्नाचं माझ्या मते खरं उत्तर पाण्यात आहे. पाण्याच्या घरात वाढल्यामुळे मी कान्हेरीत गेले की आधी मूर्ती बघत नाही, टाकी बघते. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने थेंब नाही. डोंगरावर शेकडो माणसं राहणार, तर मार्च-एप्रिलमध्ये ती पिणार काय? भिक्खूंनी हा प्रश्न लेण्यागणिक सोडवला. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या, म्हणजे राहायच्या लेण्याच्या, अंगणात एका बाजूला कोनाडा आणि त्यात जमिनीलगत चौकोनी तोंडाचं टाकं असतं. तोंड लहान आणि आत पोट मोठं, म्हणजे ऊन आत शिरत नाही आणि पाणी उडून जात नाही. तोंडाच्या कडेला खाच दिसते, ती झाकण बसवायची. मग मान वर करून लेण्याच्या कपाळाकडे बघा. कातळात बोटभर-हातभर रुंद पन्हळी कोरल्या आहेत. डोंगरावरून घरंगळणारं पावसाचं पाणी त्या अडवतात, दारावर ओघळू देत नाहीत आणि वळवून टाक्यात आणतात. पहिल्या जोराच्या सरीनंतर अर्ध्या तासाने गेलात तर ही यंत्रणा आजही चालू असलेली दिसते. मी ती डोळ्यांनी पाहिली आहे, कितीदा तरी.

असंच एक टाकं राजघराण्याशी जोडलेलं आहे. त्याच्यावरच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे. ती कार्दमक कुळातली, एका महाक्षत्रपाची (शक राजाची) मुलगी. बापाच्या नावाचं ‘रु’ हे अक्षर उरलं आहे, पुढचं झिजलंय. तो रुद्रदामन असावा असं विद्वान मानतात. सातवाहन आणि क्षत्रप ही एकमेकांशी लढणारी घराणी. त्या दोघांच्या सोयरिकीचा हा पुरावा कुठल्या राजवाड्यात नाही, सतेरक नावाच्या अमात्याने दान दिलेल्या पिण्याच्या पाण्याच्या टाक्यावर आहे.

आणि पुढे 1860 मध्ये मुंबईला नळाचं पहिलं पाणी मिळालं ते याच डोंगररांगेतल्या विहार तलावातून. त्यानंतर 1879 मध्ये तुळशी. वडील म्हणायचे, आम्ही नंतर आलो.

दुःख एकच आहे. हा दगड घट्ट काळा बसाल्ट नाही. ज्वालामुखीच्या राखेत खडे मिसळून घट्ट झालेला तो भरड दगड आहे. जो पाऊस टाकी भरतो तोच अक्षरं खातो. राणीच्या बापाचं नाव त्यानेच नेलं असणार.

कान्हेरीतून एक भुयार थेट लांबच्या शहरापर्यंत जातं असं आमच्या गावात सांगतात. खरं आहे का? (वाचक, वसई)

नाही. पण ही गोष्ट तुमच्या गावाने रचलेली नाही, ती चारशे वर्षांहून जुनी आहे. पोर्तुगीजांनी सालसेट घेतल्यावर फ्रान्सिस्कन पाद्री इथे आले. चैत्यगृहात त्यांनी काही काळ चर्चही चालवलं. त्या काळच्या पोर्तुगीज लिखाणात एका पाद्र्याची हकिकत येते. तो दोऱ्या आणि शिधा घेऊन भुयारात शिरला, कित्येक दिवस चालला आणि शेवट न सापडल्याने परतला. हे भुयार गुजरातेतल्या खंबायतेपर्यंत जातं अशी तेव्हा समजूत होती. डोंगराच्या पोटात एकामागे एक शंभराहून जास्त लेणी, त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या, अंधारी टाकी. मशाल घेऊन फिरणाऱ्याला याला अंत नाही असं वाटलं तर नवल नाही. तुम्हाला कुणी ‘भुयाराचं तोंड’ दाखवलं, तर ते बहुधा पाण्याचं टाकं असेल. आत उतरू नका. काही टाकी माणूसभर खोल आहेत.

मी मराठीची विद्यार्थिनी आहे. अशा जागेला मंदिर म्हणावं, विहार की लेणं? आणि तिथले लेख वाचायला संस्कृत यायला हवं का? (नाशिक)

अगं, या प्रश्नासाठी तुला मिठीच मारायला हवी.

ज्यांनी ही जागा घडवली ते काय म्हणत होते ते बघ. सुरुवातीचे लेख ब्राह्मी लिपीत आहेत आणि भाषा प्राकृत. त्यात शब्द येतो ‘लेण’. आपण आज म्हणतो तोच. टाक्याला ‘पोढी’, पिण्याच्या पाण्याचं असेल तर ‘पाणियपोढी’. त्यातलं ‘पाणिय’ बघ, दोन हजार वर्षं आपण तेच पीत आलो आहोत. शेताला ‘खेत’, गावाला ‘गाम’, सोनाराला ‘सुवणकार’. लेखाच्या आरंभी ‘सिधं’ आणि शेवटी बहुधा ‘देयधम’, म्हणजे धर्मासाठी दिलेलं दान. हे दहा-बारा शब्द आणि ब्राह्मीची अक्षरं आली की छोटे लेख तू स्वतः लावू शकशील. अक्षरं यायला पंधरा दिवस पुरतात. मी चाळिशी उलटल्यावर शिकले.

एका लेखात या भिक्खूसंघासाठी ‘मगलठाण’ गावातलं शेत लावून दिल्याची नोंद आहे. त्या शेताच्या उत्पन्नातून भिक्खूंचा कपड्यांचा खर्च चालायचा. हे मगलठाण म्हणजे बोरिवलीचं मागाठाणे. तिथेही बौद्ध लेणी होती. आता त्यांचे झिजलेले अवशेष वस्तीत अडकून पडले आहेत. बसच्या पाटीवर मागाठाणे वाचलं की मला ते शेतच दिसतं.

पूजेची जागा म्हणजे चैत्यगृह, राहायची जागा विहार, आणि कोरलेलं ते सगळं लेणं. या पूर्ण वसाहतीला नंतरच्या लेखांत ‘कृष्णगिरी महाविहार’ म्हटलं आहे. कान्हेरी हे नाव त्या कृष्णगिरीतूनच आलं. ‘मंदिर’ मी तरी वापरत नाही. पण बांधीव वास्तूही इथे होत्या हे विसरू नकोस. चैत्यगृहासमोर दगड-विटांचा एक स्तूप होता, तो 1839 मध्ये जेम्स बर्ड याने उकरला. त्यात रक्षेबरोबर एक ताम्रपट निघाला. सिंधू देशातून आलेल्या बुद्धरुची नावाच्या माणसाने त्रैकूटक राजघराण्याच्या शकाच्या 245 व्या वर्षी, म्हणजे इसवी सन 494 च्या सुमारास, शारद्वतीपुत्रासाठी हा चैत्य बांधला असं त्यात लिहिलं होतं. शारद्वतीपुत्र म्हणजे सारिपुत्त, बुद्धांचा पट्टशिष्य.

तुला जमलं तर पुढे पहलवी ही जुन्या इराणची लिपीही शीक. नव्वदाव्या लेण्यात त्या लिपीत लेख आहेत, 1009 आणि 1021 सालचे. पारशी मंडळी इथे येऊन आपली नावं आणि तारीख लिहून गेली. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही लोक ही जागा बघायला मुद्दाम चढून येत होते. त्याआधी नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या राज्यात, कुणी इथल्या विहाराला पुस्तकांसाठी रक्कम दिल्याचीही नोंद आहे. त्या पुस्तकांचं एक पानही उरलेलं नाही.

जय भीम. माझं वय 72, गुडघे दुखतात. दादरला राहतो. बुद्धपौर्णिमेला कान्हेरीला जायची फार इच्छा आहे. मला कितपत जमेल? काय बघावं? (वाचक, दादर)

जय भीम, काका.

बुद्धपौर्णिमा वैशाखात येते. तिथला कातळ तेव्हा सकाळी दहालाच तापतो आणि गर्दीही असते. डिसेंबर-जानेवारीतला एखादा मधला वार निवडाल तर शरीराला सोपं जाईल. पौर्णिमेलाच जायचं ठरवलं असेल तर सकाळी दार उघडताच पोचा. सोमवारी उद्यान बंद असतं. बोरिवलीच्या मुख्य दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, तेवढं चालू नका. आतली बस मिळते. माकडं पिशवी ओढतात, म्हणून खाऊ हातात धरू नका. काठी जरूर घ्या.

सगळी लेणी बघायचा हट्ट धरू नका. थोड्या पायऱ्या चढलं की तिसरं लेणं येतं. ओसरीत दोन्ही टोकांना बुद्धांच्या उभ्या मूर्ती आहेत, सुमारे सात मीटर उंच. हात खाली सोडून, तळवा तुमच्याकडे उघडा. दानाची मुद्रा आहे ती. आत स्तूप आहे. डाव्या-उजव्या खांबांकडे नीट बघा. काहींच्या डोक्यावर घट आणि हत्तींचं कोरीवकाम आहे, बाकीचे साधे अष्टकोनी सोडून दिले आहेत. काम मधेच थांबलं ते थांबलंच.

तिथून सावकाश अकराव्या लेण्याकडे या. लोक त्याला दरबार म्हणतात, पण राजाचा दरबार इथे कधी भरला नाही. लांब दालनात दगडाचे दोन बुटके ओटे समोरासमोर कोरलेले आहेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भिक्खू तिथे ओळीने बसायचे, एकमेकांसमोर, पठणाला किंवा जेवायला. त्या दालनाच्या सावलीत जरा वेळ थांबा. गुडघ्यांना आराम पडेल आणि हवं तर वंदनाही तिथेच म्हणता येईल. बाहेर पडताना अंगणातल्या टाक्यात डोकावा. पाऊस चांगला झालेला असला तर हिवाळ्यातही आत पाणी चकाकताना दिसतं.

मागच्या बाजूच्या स्मृतिस्तूपांकडे मात्र जाऊ नका, वाट धड नाही आणि तो भाग बिबट्यांचा आहे. डोंबिवलीच्या ताई त्यांच्या मुलाला घेऊन वीट परत द्यायला जाणार आहेत. त्यांनी फोनवर तसं कळवलंय. पुढच्या महिन्यातली एखादी सकाळ त्या ठरवतील. तुम्हाला चालणार असेल तर तुमचा फोन नंबर संपादकांकडे ठेवा. बोरिवलीच्या दारावर मी तुम्हा तिघांची वाट बघेन.